निशाणी चार

शहाद्याच्या मामलेदार कचेरीतल्या शमुवेल दुभाष्याला शब्दांचा वीट आला होता. सगळ्या शब्दांचा नव्हे. भाकर, पाणी, बैल, म्हातारी हे शब्द बिचारे गरीब; एका बोलीतून उचलले की दुसऱ्या बोलीत मुकाट्याने जाऊन बसतात. त्याचा जीव खाल्ला होता तो खुणेच्या शब्दांनी.

निशाणीचंच घ्या. पक्षकाराने कागदावर डावा अंगठा उठवला, ती निशाणी. एखादी वस्तू पुराव्यात घेऊन तिच्यावर आकडा घातला, तीही निशाणी. मेलेल्या लेकाची बंडी आईने गाडग्यात जपून ठेवली, ती निशाणीच. दाखला म्हणावं तर शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, आणि कीर्तनात बुवा देतात तोही दाखला. खुणेचं तर विचारूच नका. कैद्याच्या गालावरचा व्रण, बांधावरचा दगड, वकिलाने हळूच मिचकावलेला डोळा, सगळं एका पोत्यात. डोंगरातल्या माणसाचं असं नसे. मोहाच्या फांदीला गवताची गाठ दिसली, की ते झाड कुणीतरी आपलं म्हणून सांगून ठेवलेलं असे. पुढचा माणूस त्यावर काही बोलत नसे, नुसता वळसा घालून जाई. आता हा वळसा मराठीत कसा सांगायचा, हे सरकारने शमुवेलला कधी शिकवलं नव्हतं.

शमुवेल मूळचा नवापूरकडच्या डोंगरातला. मिशनच्या शाळेत मराठी शिकला, आणि पाद्रीसाहेबांबरोबर सातपुड्यात हिंडताना तिथल्या पावरा आदिवासींची बोली. कचेरीत लागला तेव्हा बायबलावर हात ठेवून त्याने शपथ घेतली होती, की इकडचं तिकडे जसंच्या तसं पोचवीन. त्यात पदरचं मीठ कधी घालणार नाही. त्यानंतर मामलेदार आले नि गेले, त्याचे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, पण मीठ त्याने घातलं नाही. कुणी शिवी दिली तर शिवी, कुणी रडलं तर रडणं. "शमुवेल बोलला म्हणजे पक्षकारच बोलला" असं कचेरीत म्हणत. माणसाजवळ मिरवायला दुसरं काही नसलं की एवढं पुरतं. शमुवेलला पुरलं होतं.

तोरणमाळच्या घाटाखालच्या एका पाड्यावर गंगीबाई नावाची विधवा राहत होती. तिचं प्रकरण एका साली होळीनंतर सुरू झालं. नवरा गेल्यावर थोरला दीर रूपसिंग याने नांगर थोडा थोडा करत तिच्या तुकड्यात सरकवला होता. आधी नांगराच्या एका तासाएवढी पट्टी, मग दोन तासांएवढी, आता तिचा मोहसुद्धा त्याच्या शेतात मोजला जाऊ लागला होता. मोह गेला म्हणजे वर्षातल्या चार महिन्यांचं पोट गेलं. गंगीबाईला मुलगी एकच, धनी. तुकडा गेला तर मायलेकींना दुसऱ्याच्या दारात मजुरीला उभं राहायचं, एवढा साधा हिशेब होता.

मागच्या तारखेला मामलेदारसाहेब म्हणाले, "बाईला सांगा, हद्द कुठे आहे याचा पुरावा पुढच्या वेळी हजर करायचा." शमुवेलने नीट फोड करून सांगितलं, "ज्यांनी हद्द पाहिलीय अशी दोन माणसं घेऊन ये." गंगीबाई म्हणाली, "माणसं दोघांचीही नातेवाईक. कोण येईल?" हे त्याने साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "ते तिनं बघावं." हे त्याने तिला सांगितलं. नेहमीसारखंच झालं. घोडं तिथेच पेंड खात राहिलं.

तारखेच्या दिवशी शमुवेल ओट्यावर बसून चष्मा पुसत होता. भटू शिपाई लगबगीने आला.

"मास्तर, ती डोंगरनी बाई उनी शे. तिना डोकावर धोंडा शे."

शमुवेलने चष्मा लावून पाहिलं. फाटक्या लुगड्याच्या चुंबळीवर दगड घेऊन गंगीबाई कडुनिंबाखाली उभी होती. दगडाला जुना शेंदूर होता, आणि खालच्या अर्ध्या भागाला ओली माती. म्हणजे तो जमिनीतून उपटून आणला होता.

बाकी कचेरीला कळलं नसतं, पण शमुवेल डोंगरातला होता. पाड्यावरच्या पंचात हद्दीचा तंटा कशानेच मिटला नाही, की ज्याला आपल्या खरेपणाची खात्री आहे तो हद्दीचा दगड उपटून डोक्यावर घेतो, पंचांपुढे जातो आणि पोटच्या पोराचं नाव घेऊन बोलतो. खोटं बोलला तर ते पोर वर्ष काढत नाही, अशी त्यांची श्रद्धा. त्यामुळे दगड सहसा कुणी उचलत नाही, आणि उचलला तर समोरचा वाद घालत नाही. मग सगळ्यांदेखत दगड परत त्याच खड्ड्यात बसवतात. गंगीबाईच्या दृष्टीने साहेब म्हणजे थोरला पंच. ती इथे आली ती सगळ्यात मोठा पुरावा घेऊन.

आणि सरकारच्या दृष्टीने हद्दीचा दगड उपटणं हा गुन्हा होता.

"बाई, तो दगड परत नेऊन ठेव," शमुवेल तिच्या बोलीत हळू आवाजात म्हणाला. "आजच्या आज. मी पुढची तारीख मागतो."

"दादा, काल सकाळपासून डोक्यावर आहे," गंगीबाई म्हणाली. "रात्री झाडाखाली थांबले तेव्हाही मांडीवर घेतला, भुईला टेकू दिला नाही. बोलल्याशिवाय उतरवायचा नसतो. तुला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. तेवढ्यात आतून पुकारा झाला.

रूपसिंग आत आधीच उभा होता. दगड दारातून आत आला तसा तो मटकन खाली बसला. गंगीबाई साहेबांच्या टेबलासमोर गेली. तिची मान थरथरत होती, पण आवाज थरथरत नव्हता. तिने धनीचं नाव घेतलं, दगडापासून मोहापर्यंतचा तुकडा नवऱ्याचा होता आणि आता आपला आहे एवढंच सांगितलं, आणि मग दगड उतरवून जमिनीवर ठेवला.

"हे काय आणलंय?" साहेबांनी विचारलं. साहेब नवे होते, तरुण, वाईट माणूस नव्हे.

इकडे आड, तिकडे विहीर. शमुवेलने खरं सांगितलं असतं, तर साहेबांशेजारी बसलेल्या शिरस्तेदाराने तिथल्या तिथे कायद्याचं पुस्तक उघडलं असतं, फिर्यादी बाई आरोपी झाली असती, आणि स्वतःच्या हाताने हद्द मोडली म्हणून तुकडाही गेला असता. नंतर समजावून सांगू म्हटलं तर दुभाष्याने समजावून सांगायचं नसतं. त्याने फक्त पोचवायचं असतं. शमुवेलने पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. त्याला फार थकल्यासारखं झालं.

"देव आहे, साहेब," तो म्हणाला. "घरचा देव. शपथेसाठी आणलाय."

आयुष्यात पहिल्यांदा घातलेलं मीठ. ते पडलं कधी, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

रूपसिंग खालूनच बोलला, मान वर न करता. शमुवेलने पोचवलं, "तो म्हणतो, तुकडा तिचा. मी नांगर मागे घेतो."

साहेबांनी भुवया वर केल्या. "इतके दिवस भांडला आणि आज एकदम कबूल? का?"

शमुवेल काय सांगणार? एका खोट्याच्या शेपटीला दुसरं बांधावंच लागतं. "देवाला भ्याला, साहेब."

"भीतीनं दिलेली कबुली मी लिहून घेणार नाही," साहेब म्हणाले. त्यांचंही चुकलं नव्हतं. पुस्तकात तसंच होतं. "येत्या सोमवारी मी स्वतः जागेवर जाऊन हद्दीची खूण पाहतो. आणि हा देव पुराव्यात घ्या. निकाल लागेपर्यंत इथेच राहील."

डोंगराच्या न्यायाने तंटा त्या घडीला मिटला होता. भावजय बोलली होती, दिराने ऐकलं होतं. कचेरीने तो पुन्हा उभा केला, आणि शिरस्तेदाराने दगडावर चिठ्ठी डकवली: निशाणी चार.

"मास्तर, हाऊ देव कपाटमा कसा बसाडू?" भटू कुरकुरला. "माले त्याले हात लावाले भ्याव वाटस." शेवटी शमुवेलनेच एका बाजूने हात लावला. कपाटाचं दार बंद झालं आणि शिरस्तेदाराने किल्ली कमरेला अडकवली.

बाहेर गंगीबाई वाट पाहत होती. "दगड कधी देतील?"

"निकाल लागल्यावर."

"आणि तोवर खड्डा रिकामा?" तिने विचारलं. रिकामा खड्डा म्हणजे हद्द कुणाचीच नाही. येणाराजाणारा कुणीही त्यात आपला दगड बसवू शकतो. गंगीबाई रिकामी चुंबळ काखेत मारून डोंगराच्या वाटेला लागली.

शमुवेलने ते दिवस कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. साहेबांना खरं सांगावं असं रोज सकाळी वाटे आणि रोज संध्याकाळी राहून जाई. बायको सुंदरबाईने विचारलं, "जेवण का जात नाही?" तो म्हणाला, "दात दुखतो." घरातसुद्धा आता मीठ घालायला लागलो, असं त्याच्या मनात आलं, आणि स्वतःचीच किळस आली.

सोमवारी साहेब घोड्यावर, शिरस्तेदार तट्टावर आणि शमुवेल बैलगाडीत, असे सगळे पाड्यावर पोचले. ऊन चढलं होतं. रूपसिंगचा नांगर त्याच्या दाराशी उताणा पडला होता. शब्द दिल्यापासून त्याने तो शेतात नेलाच नव्हता. तो स्वतः आपल्या बाजूला, मोहापासून लांब, उकिडवा बसला होता.

आणि जिथे दगड होता तिथे, खड्ड्यात पाय सोडून, गंगीबाई बसली होती. कचेरीतून आल्यापासून ती तिथून फारशी हललीच नव्हती. धनी भाकर तिथेच आणून देई, आणि आई आंघोळीला नाहीतर रानात गेली की तेवढा वेळ मुलगी त्या खड्ड्यात बसे. अंगावर धूळ, ओठ उललेले. तिला बघून शमुवेलला गाडीतून उतरवेना.

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. "हद्दीची खूण कुठे आहे? विचारा तिला."

शमुवेलने विचारलं नाही. तो गाडीतून उतरला, जोडे काढले, आणि मातीत उभा राहून म्हणाला, "साहेब, खूण आपल्या कपाटात आहे. निशाणी चार."

मग त्याने सगळं सांगितलं. पंचाची चाल, डोक्यावरचा दगड, धनीच्या नावाची शपथ, आणि त्या दिवशी स्वतः घातलेलं मीठ. सांगताना त्याला रडू आलं नाही. ओझं उतरल्यावर खांदा दुखतो, तसं मात्र दुखलं.

शिरस्तेदार म्हणाला, "म्हणजे बाईनं खूण हलवली, आणि यानं लपवलं." साहेबांनी हाताने त्याला थांबवलं.

"शमुवेल," ते म्हणाले, "आजवर तुमच्या तोंडून आलेला प्रत्येक शब्द मी पक्षकाराचा म्हणून लिहून घेतला. त्या दिवशी तुम्ही खोटं सांगितलंत. आज सांगताय ते खरं कशावरून? हा रूपसिंग आता काही बोलला, तरी ते मला तुमच्याच तोंडून ऐकावं लागणार."

इतकी वर्षं ज्याच्यावर तो जगला, ते त्याने स्वतःच खर्चून टाकलं होतं. आता त्या बाईचं खरंही त्याच्या तोंडातून गेलं की खोटं होणार होतं. शमुवेलला वाटलं, तिच्या तुकड्याची माती मीच केली.

रूपसिंगला मराठी येत नव्हती. पण साहेबांचा चेहरा, शमुवेलची खाली गेलेली मान आणि शिरस्तेदाराचं भावजयीकडे रोखलेलं बोट, एवढं त्याला वाचता येत होतं. तो उठला. खड्ड्यापाशी आला, गंगीबाईच्या पायाजवळची मूठभर माती उचलून त्याने आपल्या डोक्यावर ठेवली. आपल्या दोन्ही मुलांना हाक मारून शेजारी उभं केलं, त्यांच्या डोक्यावर एकेक हात ठेवला, आणि ते तिघे खड्ड्यापासून मोहापर्यंत सरळ चालत गेले. तिथून वळून तो साहेबांकडे बघत राहिला. हद्द अशी आहे, हे सांगायला त्याला दुभाषी लागला नाही.

साहेबांनी टोपी काढून घाम पुसला. "खड्ड्यापासून मोहापर्यंत," ते शिरस्तेदाराला म्हणाले. "बाईचा कब्जा कायम. दगड उद्या भटूबरोबर परत पाठवा. खूण हलवल्याबद्दल काही लिहायचं नाही." मग घोड्यावर चढताना, शमुवेलकडे न बघता, पण अगदी वाईटपणाने नव्हे, म्हणाले, "शमुवेल, तुम्ही आता घरी जा. उद्यापासून कचेरीत येऊ नका."

घोडा आणि तट्टू वाटेला लागले. शमुवेल जोडे शोधत होता. गंगीबाई अजून खड्ड्यातच होती. दगड येईपर्यंत ती उठणार नव्हती.

"दादा, काय म्हणाले साहेब?"

"तुकडा तुझा. दगड उद्या परत पाठवतायत."

तिने डोळे मिटले, उघडले. डोक्यावरचा पदर नीट केला. मग तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं.

"आणि जाताना तुला काहीतरी म्हणाले ना? ते काय?"

शमुवेलने क्षणभर विचार केला. मग जसंच्या तसं पोचवलं.

"म्हणाले, घरी जा."

"बरं झालं," गंगीबाई म्हणाली. "फार दमलेला दिसतोस."