मंगलीला चुकता येईना

चुकायला कुठं अक्कल लागते, असं कोणालाही वाटेल. मंगलीलाही सकाळपर्यंत तसंच वाटत होतं.

इटियाडोह धरणाच्या वरच्या अंगाला, मंगलीच्या टोलीमागच्या, म्हणजे छोट्या वस्तीमागच्या जंगलात व्हिडिओ निघत होता. वणवा विझवायला जाणाऱ्यांनी जीव सांभाळून काम कसं करावं, हे नव्या लोकांना दाखवायचं होतं. त्यासाठी नागपूरहून प्रेरणा मॅडम कॅमेरा घेऊन आल्या होत्या. चहूबाजूंनी पालापाचोळा झाडून रिकामी पट्टी काढली होती, पाण्याचा टँकर उभा होता, आणि मधल्या तुकड्यात मुद्दाम आग लावायची होती. वनपाल ओमेश साहेबांनी दोन भाग लिहून आणले होते, एक चुकीच्या पद्धतीचा आणि एक बरोबर. बरोबरचा भाग साहेब स्वतः करणार होते. चुकीचा आला मंगलीच्या वाट्याला.

झोंबलं तिला ते. मंगलीसकट टोलीतल्या पाच बाया तीन उन्हाळे वणव्याच्या कामावर जात होत्या, पण काम काय, तर गड्यांच्या मागं पाण्याच्या कॅना वाहायच्या. मागच्या साली गड्यांचं पथक भलत्याच बाजूनं शिरलं. या पाच जणी कॅना धरून बघत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मोहाची अकरा झाडं गेली. ज्यांच्या बुडाशी फुलं वेचत मंगली लहानाची मोठी झाली, ती झाडं. तेव्हापासून तिनं साहेबांच्या मागं एकच लकडा लावला होता, आमाले पथकात घ्या. "आधी व्हिडिओत बघू, काय येते तुम्हाला," साहेब म्हणाले होते. आणि व्हिडिओत दिलं हे. नाही म्हणावं तर आगीच्या जवळही कोणी फिरकू देणार नाही, म्हणून तिनं निमूटपणे मान हलवली.

"मावशी, सोपं आहे," प्रेरणा मॅडम म्हणाल्या. "चपला घालून आगीच्या समोरून धावत जायचं आणि फांदी डोक्यावरून आपटायची. दोन मिनिटं. मग मी थांबा म्हणेन."

आग लागली. मंगली निघाली खरी समोरून, पण वारं कुठलं ते नाकानं सांगितलं आणि पाय आपोआप वळले. फेरा घालून ती जळालेल्या बाजूनं शिरली. जांभळीची ओली फांदी जमिनीलगत दाबत, ओढत, कडेकडेनं सरकत गेली. मॅडमनं कॅमेरा नीट रोखेपर्यंत आग विझलेली.

"मावशी, चुकायचं होतं ना?"

"हो जी. इसरलीच मी."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा तिनं दातओठ खाऊन फांदी डोक्यावर उचलली, पण फांदी आपटली की ठिणग्या उडतात हे लहानपणापासून हाताला पाठ. हात खाली आला तो हळूच. मागं बाकीच्या चौघींत उभी असलेली रुख्मा पदर तोंडात कोंबून हसत होती.

"दोन मिनिटं तरी जळू द्या हो मावशी," मॅडम काकुळतीला आल्या.

"दोन मिनटात तं अर्धं जंगल जाते, म्याडम. कसं जळू द्यावं?"

ओमेश साहेबांचा पारा चढला. "सोडा यांचं. माझा भाग घ्या आधी."

साहेब बूट, हेल्मेट, पाठीवर हवेचा झोत मारणारं यंत्र, अशा थाटात उभे राहिले. दिसत होते झकास. पण उभे कुठं राहिले, तर बरोबर आगीच्या तोंडापुढं, कारण तिथं चेहरा चांगला येत होता. यंत्र घरघरलं, साहेब कॅमेऱ्याकडं बघून बोलू लागले, आणि तेवढ्यात वाऱ्यानं कूस बदलली. धूर अंगावर आला. साहेब मागं सरले ते वाळक्या पानांतच. ज्वाळा गुडघ्याएवढ्या झाल्या आणि साहेबांना दिशाच कळेना.

"काळ्यात या," मंगली ओरडली. काळ्यात म्हणजे जळून गेलेल्या जागेत. तिथं पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं. साहेब जागचे हलले नाहीत. तेव्हा ती बाजूनं घुसली, त्यांचा पट्टा धरून तिनं त्यांना राखेत खेचलं, आणि बाकीच्यांना हाक दिली. चौघी बाया फांद्या घेऊन धावल्या. टँकरवाल्यानं पाइप उलगडला, तोवर पाण्याची गरजच उरली नव्हती.

साहेब खोकत बसले. अर्धी मिशी करपली होती. कॅमेरा सगळा वेळ चालूच होता.

मॅडमनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते दाखवलं. साहेबांनी एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं. "पुसून टाका हे," ते म्हणाले.

मंगली पुढं आली. "पुसू नका, साहेब. मागच्या साली आमच्या टोलीचा हिरालाल असाच तोंडापुढं उभा रायला होता. अजून धड चालत नाई तो. नव्या पोरायले हेच दाखवा."

साहेबांनी करपलेल्या मिशीवरून हात फिरवला. माणूस मानी होता, पण खोटा नव्हता. त्यांनी हेल्मेट काढलं. "मॅडम, चुकीची पद्धत मिळाली तुम्हाला. माझी. बरोबरची या बाई दाखवतील. खाली नाव टाका, मंगली, पथकप्रमुख."

"पथकप्रमुख म्हंजे का जी?"

"म्हणजे आगीजवळ गेल्यावर मीसुद्धा तुमचं ऐकायचं."

"ऐकलं कुठं जी? ओढून आणलं मी तुमाले," मंगली म्हणाली आणि पहिल्यांदा साहेबही हसले. "पण एकटीचं नाव नको. लिवायचं तं पाची जणींचं लिवा."

लिहिलं साहेबांनी, प्रत्येकीला विचारून, आडनावासकट. कॅना टँकरपाशीच पडून राहिल्या. पाची जणी जळालेल्या बाजूला ओळीनं उभ्या राहिल्या. मंगलीनं फांदी सरळ केली.

"लावा आग," ती म्हणाली.