पुडीतला पासवर्ड

"ह्या घ्या तुमच्या गोळ्या," म्हणत सोनीबाईनं पुडी टेबलावर आपटली. "माह्या रोगाचं साऱ्या गावाले समजलं. पोरीची सोयरीक मोडली. आता मले दवाई नाई पायजे."

चामोर्शीकडच्या आमच्या लहानशा दवाखान्यातून कुष्ठरोग्याचं नाव कधी बाहेर गेलं नव्हतं. अकरा वर्षं आमची नर्स वच्छला रामटेके अशा रोग्यांची कार्डं लोखंडी पेटीत ठेवी आणि किल्ली कमरेला खोचून घरी नेई. मग अठ्ठ्याऐंशी साली नागपूरहून कॉम्प्युटर आला. "आता किल्ली कशाला? पासवर्ड आहे ना," डॉक्टर म्हणाले. कार्डं यंत्रात गेली आणि पेटीत फिनेलच्या बाटल्या.

डॉक्टर वच्छलाकडे वळले. "हिचं कार्ड तुमच्याच पासवर्डनं उघडतं. उद्यापासून येऊ नका."

मी कंपाउंडर बापूराव. तिथंच उभा होतो आणि खरं सांगतो, मान खाली घालून बाटल्या पुसत राहिलो. नोकरी मलाही हवीच होती की.

वच्छला रडली नाही, भांडली नाही. तिनं गोळ्या जपून वाटीत काढल्या, सवयीनं पुडीचा कागद सरळ केला आणि त्यावरची छापील अक्षरं पाहून तो डॉक्टरांपुढे धरला.

"सायेब, हे वाचा जी."

महिन्याचा गोषवारा छापताना ते शहाणं यंत्र शेवटच्या पानावर आम्हा सगळ्यांची नावं छापायचं आणि नावापुढे ज्याचा त्याचा पासवर्ड, चक्क उघडा. गोषवारा पाहून झाला की कागद रद्दीत. यंत्र व्हरांड्यालगत, जेवणाच्या सुटीत कोणीही येऊन बसावं असं. घराला कुलूप लावून किल्ली दारावरच टांगायची, तसला कारभार.

आणि त्या रद्दीच्या पुड्या कोण बांधत होतं? तशी घडी साऱ्या दवाखान्यात एकच माणूस घालतो. गप्प बसलो असतो तर कोणी विचारलंही नसतं. पण वच्छलाकडे पाहिलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पुडी माह्या हातची आहे," मी म्हणालो. "सहा महिन्यांपासून असे कागद गावोगाव वाटून राह्यलो."

डॉक्टरांनी कागदावर स्वतःचं नाव शोधलं. त्यांचे कान लाल झाले. "चूक माझी आहे," ते सोनीबाईला म्हणाले, मग वच्छलाकडे वळून पुन्हा तेच म्हणाले.

कार्ड कोणी उघडलं ते कधीच कळलं नाही. मोडलेली सोयरीकही जुळली नाही, खोटं कशाला सांगू. पण वच्छलानं त्याच दुपारी पेटीतलं फिनेल बाहेर काढलं, पेटी पुसली, सोनीबाईसमोर तिचं कार्ड हातानं लिहिलं आणि कुलूप लावलं.

मी कोऱ्या कागदाची पुडी बांधून पुढं केली. सोनीबाईनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"बाई, किल्ली कोनाजवळ राहीन?"

वच्छलानं कमरेवर हात ठेवला.

सोनीबाईनं त्या हाताकडे पाहिलं. मग पुडी उचलून तिनं पदराच्या टोकाला घट्ट बांधली.

"बाजाराच्या दिवशी येतो," ती म्हणाली.