न चावलेला बूट

आमच्या गल्लीत बूट शिवणारे दोन भाऊ होते. थोरल्याला सगळे पायज्योतिषी म्हणत. बुटाचा झिजलेला तळ उलटा करून तो सांगायचा, हा माणूस बाहेर ओरडतो आणि घरात घाबरतो. बहुतेकदा खरं निघायचं, कारण तसे आमच्याकडे दहात सात भरतात.

धाकटा अकरा वर्षं त्याच्या हाताखाली होता. तळ चिकटवणं, टाके घालणं त्याच्याकडे. माप घेणं आणि चामडं कापणं थोरल्याकडे. चामडं कापायच्या रापीला हात लावून अख्खा जोड धाकट्याने एकदाच केला, दादाच्या पन्नाशीला. मापही घेतलं नाही. इतकी वर्षं शेजारी बसून तो पाय त्याला पाठ झाला होता.

थोरल्याने जोड दोन दिवस मिरवला. तिसऱ्या दिवशी सकाळी उजव्या पायाचा अंगठा लालबुंद सुजला. वरून चादर सरकली तरी जीव कळवळायचा. वहिनी म्हणाल्या, डॉक्टरकडे जाऊ. पण पायज्योतिष्याचं निदान तयार होतं. नवा बूट, दुखरा अंगठा, यात डॉक्टरला काय विचारायचं? लंगडत दुकानात आला आणि तीन गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "बूट चावला. अकरा वर्षं शिकवलं, पण याला अंगठ्यापुरती जागा सोडता येत नाही."

आम्ही हसलो. धाकट्याने जोड उचलला, आतून बोट फिरवलं, दादाच्या अंगठ्याकडे एकदा पाहिलं आणि जोड खाली ठेवला.

थोरला जुन्या चपला घालू लागला आणि दहाव्या दिवशी अंगठा पूर्ववत झाला. म्हणजे गुन्हेगार बूटच, हे सिद्ध. महिनाअखेरीस धाकटा दुसऱ्या गावी एका गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला निघून गेला. थोरला म्हणाला, जाऊ दे, त्याला हात नव्हताच.

पुढच्या वर्षी अंगठा पुन्हा सुजला, आणि पायात तर जुन्या चपला. या वेळी दोष रस्त्यावरच्या खडीला. नंतर थंडीला, मग पलंगाच्या खुराला. वहिनींनी एकदा विचारलं, तुम्हाला अजून चावलं नाही असं या घरात काय उरलंय? त्यावर दोन दिवस अबोला.

सहाव्या वर्षी घोटा सुजला. तेव्हा थोरला तापाने आठवडाभर अंथरुणात होता, अनवाणी. दोष द्यायला पायात काहीच नव्हतं. वहिनींनी न विचारता गाडी बोलावली.

डॉक्टरीणबाईंनी सांध्यातलं पाणी काढून तपासलं आणि गाऊट आहे म्हणाल्या. रक्तात युरिक ॲसिड वाढतं, त्याचे सुईसारखे बारीक कण सांध्यात साठतात, बऱ्याच जणांना सुरुवात अंगठ्यापासून होते. झटका आठ-दहा दिवसांत आपला आपण ओसरतो, आणि माणसाला वाटतं आपल्याच उपायाने गेला. सूज उतरवायची गोळी थोडे दिवस. ॲसिड कमी करणारी मात्र रोज, दुखत नसलं तरी. पाणी भरपूर प्यायचं, बिअर आणि बाटलीतली गोड पेयं बंद. भावंडांनाही होऊ शकतो, त्यांना सांगून ठेवा.

थोरल्याने विचारलं, "बूट चावल्याने होतो का हा?"

"बूट चावला तर कातडी सोलते, फोड येतो. तसं काही झालं होतं?"

तसं काहीच झालं नव्हतं. चावलेला बूट कसा ओळखावा हे हजार पायांवर पाहिलेल्या माणसाने स्वतःचा अंगठा नीट पाहिला नव्हता.

घोटा बरा झाल्यावर तो बसने त्या गावी गेला. जेवणाच्या सुट्टीत धाकटा गोदामाबाहेरच्या बाकावर डबा उघडून बसला होता. थोरल्याने दुखण्याची सगळी हकिकत सांगितली. धाकटा जेवता जेवता ऐकत राहिला.

मग म्हणाला, "फोड नव्हता, दादा. मला त्याच दिवशी दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"गिऱ्हाइकं समोर होती. पायाच्या बाबतीत तू चुकलास, हे त्यांच्यादेखत मी सांगायचं?"

थोरला म्हणाला, "परत चल. रापी तू घे. मी टाके घालीन."

धाकट्याने तळहात पुढे केला. एके काळी घट्टे होते तिथे आता मऊ कातडी होती. "सहा वर्षं चामड्याला हात लावलेला नाही. आता मी बूट केला तर खरंच चावेल."

हे त्याने हसून सांगितलं, आणि तेच थोरल्याला सोसलं नाही. भोंगा वाजला. धाकट्याने गोळीचं नाव विचारून हातावर लिहून घेतलं, वहिनीला नमस्कार सांग म्हणाला आणि फाटकातून आत गेला.

तेव्हा थोरल्याच्या लक्षात आलं, की आपण गाऊट सांगितला, गोळ्या सांगितल्या, चल म्हणालो. फक्त चुकलो म्हणायचं राहिलं. पहारेकऱ्याने विचारलं, कुणाला भेटायचंय? भेट झाली, असं म्हणून तो तिथेच बाकावर बसून राहिला. संध्याकाळची सुट्टी व्हायला अजून पाच तास होते.