पताकेखालची ओळ

"वर चार अक्षरं, मोठी, सोनेरी. खाली बारीक ओळ : 'पूर्व गल्लीतील सर्व दुकानदारांकडून'," सरकारी कचेरीतला ल्याओ कारकून म्हणाला. "पताका उद्या सकाळी हवी, मावशी. वरून तपासणीचे साहेब येताहेत."

लूओ सूमेईने हातातली कात्री थांबवली नाही. "कुणाला द्यायचीय?"

"आमच्या थान साहेबांना. 'दोन बाह्या, स्वच्छ वारा'."

म्हणजे असा अधिकारी, की झडती घेतली तरी ज्याच्या बाहीत वाऱ्याखेरीज काही सापडायचं नाही.

"थान साहेबांच्या बाह्यांत वाऱ्याला जागा उरलीय का रे?"

"हळू बोला हो!" ल्याओने दाराकडे पाहिलं.

एकतीस वर्षं सूमेई लाल मखमलीच्या पताका करत होती. दुकान सरकारी दवाखान्यासमोरच्या याच पूर्व गल्लीत. पेशंट बरा झाला की डॉक्टरला पताका, विसरलेली पिशवी परत मिळाली की टॅक्सीवाल्याला पताका. सूमेई शाळेत तिसरीपर्यंतच गेली होती. पुढची अक्षरं कापता कापता शिकली. त्यामुळे तिला वाचता येणारं निम्मं जग सद्गुणांचंच होतं. पाणी पिताना झरा आठवावा. वाटेत सापडलेलं सोनं लपवू नये. हे सगळं तिने मीटरवारी कापून विकलं होतं. प्रत्यक्षात भेटलं, ते वीतभरही नसेल.

हेच थान साहेब. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी समोरच्या काओंच्या टोफूच्या दुकानाला सील ठोकलं. कागदावर कारण आगीचा धोका. खरं कारण, काओंनी पुढची खोली साहेबांच्या मेहुण्याला दिली नाही. काओ म्हातारा दारावरच्या सीलच्या कागदी पट्ट्यांकडे बघत बघत हिवाळ्यात गेला. आणि आता गल्लीने साहेबांचे आभार मानायचे.

"दुसऱ्याचं नाव मी त्याला विचारल्याशिवाय चिकटवत नाही," सूमेई म्हणाली. "चौदा दुकानं आहेत. चौदा जणांच्या बोटांचे ठसे आण, मग करते."

"मावशी, एवढ्याशा ओळीसाठी?"

"शब्द दिला ना. ठसे आण, पताका घेऊन जा."

तिला वाटलं, पीडा टळली. बाकी सगळ्यांनी टेकलं, तरी म्हाताऱ्याच्या मागे राहिलेल्या काओ वहिनी बोट टेकायच्या नाहीत.

ल्याओ तासाभरात परतला. कागदावर लाल शाईचे तेरा ठसे. शेवटचा काओ वहिनींचा.

सूमेई तो कागद घेऊन तशीच गल्ली ओलांडून गेली. वहिनी पायरीवर बसून सोयाबीन निवडत होत्या.

"वहिनी, हे बोट तुमचं?"

"माझंच."

"या माणसाला?"

"संध्याकाळी सील काढतो म्हणालाय. ज्याने त्याने आपल्या दारापुढचा बर्फ झाडावा गं."

"आणि भाऊजी काय म्हणाले असते?"

वहिनींनी एक किडका दाणा वेचून फेकला. "त्यांना आता टोफू विकायचा नाहीये."

सूमेईने कागदाची घडी घातली.

ती परतली तेव्हा ल्याओने शाईची डबी उघडून पुढे धरली. "चौदावं तुमचं. टेका बोट. मान बाहेर काढणाऱ्या पक्ष्यालाच गोळी लागते, मावशी."

"एवढी खरी म्हण. पण एकतीस वर्षांत एकानेही ती मखमलीवर मागितली नाही बघ."

तिने बोट टेकलं नाही. पण शब्द दिला होता, म्हणून कामाला बसली. अक्षरं कापली, कडा सरळ केल्या, झालरी लावल्या. शेवटी गरम इस्त्रीने एकेक अक्षर दाबून बसवलं. एकदा बसलेलं अक्षर मखमल फाडल्याशिवाय निघत नाही. संध्याकाळी ल्याओने पताका उलगडली आणि त्याचा चेहरा उतरला.

"'तेरा दुकानदारांकडून'? मी 'सर्व' म्हटलं होतं!"

"ठसे मोज."

"साहेब विचारतील, चौदावा कोण?"

"सांग की. पत्ता तुला ठाऊक आहे."

दुसरी करायला वेळ नव्हता. ल्याओने पताका गुंडाळून काखेत मारली आणि निघून गेला.

तपासणी झाली. पताका साहेबांच्या खुर्चीमागे जरा खालीच टांगली होती आणि तिच्यापुढे झाडाची मोठी कुंडी ठेवली होती. चार अक्षरं दिसत होती, ओळ दिसत नव्हती. फोटो निघाले. चौदावा कोण, हे पाहुण्यांपैकी कुणीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं सूमेईच्या दुकानावर आली आणि दारावर पांढऱ्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवून गेली. कारण, आगीचा धोका. "मखमल पटकन पेट घेते, मावशी," त्यांतला एक म्हणाला. ते तरी खरं होतं.

सील लागणार हे ओळखून तिने बाक, कात्री आणि मखमलीचा एक गठ्ठा आधीच बाहेर काढून ठेवला होता. ती भिंतीला टेकून उन्हात बसली. दवाखान्यातून एक माणूस आला. त्याच्या आईला रात्रंदिवस सांभाळलेल्या नर्सला पताका द्यायची होती. सूमेईने नर्सचं नाव विचारून घेतलं, त्याचं विचारलं, आणि गुडघ्यावर सोनेरी कागद पसरून कापायला लागली.

समोरच्या दुकानाचं दार उघडं होतं. आत जातं फिरत होतं. थोड्या वेळाने काओ वहिनी गरम सोयाच्या दुधाचा वाडगा घेऊन आल्या आणि बाकाशी उभ्या राहिल्या.

सूमेईने मान वर केली नाही. फक्त गठ्ठा उचलून मांडीवर घेतला आणि बाकाच्या एका टोकाला सरकली.

वहिनी बसल्या नाहीत. रिकाम्या जागेवर वाडगा ठेवून त्या परत गेल्या. सूमेई कापत राहिली. दुधावर हळूहळू साय धरत गेली.