शेवटच्या गटाच्या मागे

गोल्फच्या मैदानावर माझं काम एकच. लोकांना घाई करायची, पण आपल्याला घाई केली जातेय असं त्यांना वाटू द्यायचं नाही. हुद्द्याचं नाव मार्शल. नाव ऐकून वाटतं कमरेला पिस्तूल असेल. प्रत्यक्षात एक बॅटरीवर चालणारी कार्ट, एक वॉकीटॉकी आणि तोंडभर हसू, एवढंच सामान. सभासद मला ‘घाईबाई’ म्हणतात. तोंडावर म्हणतात, हसत म्हणतात, त्यामुळे रागावायची सोय नाही.

अठरा होल सव्वाचार तासांत संपले पाहिजेत, असा नियम आहे. आणि दुसरा नियम असा की मैदानावरचा शेवटचा गट अठरावा होल संपवून आत येईपर्यंत मार्शलने त्याच्या मागे राहायचं. पूर्वी कधीतरी शेवटच्या गटातला एक जण कार्टसकट उतारावरून उलटला आणि तासभर कुणाला पत्ताच नव्हता, तेव्हापासूनचा हा नियम. मला तो पटतो. त्या दिवशीही पटत होता.

पाळणाघर साडेपाचला बंद होतं. एका महिन्यात तीनदा उशीर झाला की जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. प्रवेशाच्या वेळी त्या कागदावर सही करताना मी मनात म्हटलं होतं, तीनदा कोण मेलं उशीर करतंय! आज सव्वीस तारीख होती आणि माझे दोन उशीर होऊन गेले होते. एक स्कूटर पंक्चर झाली म्हणून, एक आज शेवटच्या गटात असलेल्या याच चौघांमुळे. शहरात दुसरं पाळणाघर आहे, तिथली यादी आठ महिन्यांची. नवरा बंदरात क्रेन चालवतो, रात्री आठपर्यंत त्याचा फोन लॉकरमध्ये असतो. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेलेल्या. माझी आई राहते ती दोन दिवसांच्या प्रवासावर. भुंगी अडीच वर्षांची. दिवसभर काहीतरी गुणगुणत असते म्हणून भुंगी. ती जागा गेली तर माझी नोकरी गेली, इतका सरळ हिशेब होता.

चार वाजून वीस मिनिटांनी हे चौघे चौदाव्या होलवर होते. उरलेले पाच होल याच चालीने खेळले तर साडेपाच इथेच वाजणार. आणि स्कूटरवरून पाळणाघर बारा मिनिटं.

चौघे म्हणजे डॉक्टर, त्यांचे बालमित्र वकील आणि लाकडाच्या वखारीवाले दोघे भाऊ. डॉक्टर निवृत्त सर्जन. गावातल्या निम्म्या पोटांवर त्यांच्या हातचे टाके असतील. वय ऐंशीच्या आसपास, पण ताठ. सभासदांपैकी माझ्या मुलीचं नाव ठाऊक असलेला हा एकच माणूस. “काय म्हणतेय भुंगी? दाढा आल्या का?” असं विचारून मगच पहिला फटका मारायचे.

त्या दिवशी सकाळी पाण्याची पाइपलाइन फुटल्यामुळे जमीन मऊ झाली होती. गवतावर कार्ट न्यायची नाही, डांबरी वाटेवरच ठेवायची, असा फलक लावलेला. म्हणजे प्रत्येक फटक्याला वाटेवर उतरायचं, गवत तुडवत चेंडूपर्यंत जायचं, मारायचं, परत यायचं. बरं, जाताना दोन-तीन काठ्या बरोबर न्याव्यात की नाही? नाही. वखारवाले एकच न्यायचे, ती चुकीची निघायची, मग पुन्हा फेरी.

मी कार्ट जवळ नेली. “साहेब, पुढचा गट दीड होल पुढे गेलाय. जरा पावलं उचलायची का?”

“आल्या घाईबाई!” थोरला वखारवाला म्हणाला. “अहो, पुढे कोण गेलंय ते जाऊ द्या. मागे तर कुणी नाही ना?”

“मागे मी आहे,” मी हसून म्हटलं.

“मग तुम्ही खेळून पुढे जा!” यावर चौघेही हसले. मीही हसले. पगारात हसू धरलेलं असतं.

त्यांनी कार्ट ग्रीनच्या, म्हणजे झेंड्याभोवतीच्या बारीक गवताच्या, अलीकडेच सोडल्या होत्या. तिथून परत मागे येऊन मग पुढच्या होलला जायला चार मिनिटं गेली असती. ते खेळत होते तोवर मी गुपचूप त्यांच्या दोन्ही कार्ट पलीकडे नेऊन लावल्या. तरीही खेळ संपल्यावर धाकटा वखारवाला झेंड्यापाशीच उभा राहून सगळ्यांचे फटके मोजत कार्डावर लिहीत बसला. हे काम पुढच्या होलवर जाऊन करायचं असतं, हे त्याला वीस वर्षं ठाऊक आहे.

मी वॉकीटॉकीवरून मैदानाच्या मुकादमांना विचारलं, “काका, शेवटच्या गटात म्हातारे आहेत. एक कार्ट गवतावर घेऊ देता का? मी स्वतः चालवते.”

“नाही.”

“चारच होल उरलेत, काका.”

“काल एकाने ग्रीनच्या कडेला नांगरट करून ठेवलीय. तुला पेरणी करायची असेल तर ये उद्या.”

पंधराव्या होलला उजवीकडे तळं आहे. चार तेहेतीसला डॉक्टरांनी मारलेला चेंडू उजवीकडे वळला आणि पाण्यात पडला. डुबुक असा आवाज मला मागे, कार्टपर्यंत ऐकू आला. चौघांपैकी तिघांनी पाहिला. डॉक्टर कपाळावर हात धरून म्हणाले, “कुठे गेला रे?”

“डाव्या झुडपात,” वकील म्हणाले. “सापडेल.”

आणि शोध सुरू झाला. वखारवाले काठीने गवत खाली-वर करू लागले, वकील वाकून वाकून बघू लागले. मला माहीत होतं काय चाललंय. थंडी संपल्यापासून बघत होते. डॉक्टरांना लांबचं दिसत नव्हतं आणि आता जवळचंही धड दिसत नव्हतं. ते आपल्या चेंडूंवर पेनने दोन लाल ठिपके काढतात. एकदा गाड्या लावायच्या जागी मी वकिलांना बॉनेटवर चेंडू ठेवून ठिपके काढताना पाहिलं होतं. डझनभर चेंडू, प्रत्येकावर दोन लाल ठिपके. मग खेळताना डॉक्टर पाठमोरे झाले की खिशातून एक अलगद खाली सोडायचा आणि ओरडायचं, “हा बघ! नशीबवान आहेस लेका!” म्हणूनच हे चौघे सर्वांत शेवटची वेळ घेत. मागून कुणी बघायला नको. माझ्याखेरीज.

चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. पाच झाली. सात झाली. डॉक्टर वळतच नव्हते, वकिलांना संधीच मिळत नव्हती. मी मनगटावरचं घड्याळ बघत होते. चार एकेचाळीस. पाळणाघराच्या दारात बूट घालून बसलेली भुंगी मला दिसत होती.

सभासदांपुढे आपलं रडगाणं गायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. कुणाचं मूल आजारी, कुणाची बस चुकतेय, ते फाटकाबाहेर ठेवून यायचं. मी ते पाळलं. मी माझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी कार्टमधून उतरले, त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तुमचा चेंडू पाण्यात गेलाय. सगळ्यांनी पाहिलंय. वकीलसाहेबांच्या खिशात तसलाच दुसरा आहे. तुम्ही मान वळवलीत की तो सापडेल.”

इतकं सगळं मी माझ्या नेहमीच्या गोड आवाजात बोलले.

धाकटा वखारवाला म्हणाला, “काय बोलताय बाई तुम्ही?” पण काठी त्याने गवतातून बाहेर काढली होती.

डॉक्टरांनी वकिलांपुढे हात पसरला. “दाखव.”

“अरे, ती काहीतरी...”

“दाखव म्हणतो ना.”

वकिलांनी खिशातून चार चेंडू काढून त्यांच्या हातावर ठेवले. डॉक्टरांनी एक डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मग मला विचारलं, “ठिपके आहेत?”

“आहेत.”

“किती?”

“दोन.”

त्यांनी चारही चेंडू वकिलांच्या हातात परत दिले, अगदी सांभाळून, एक एक. “तुम्ही तिघे पुढे व्हा. मला तुमची तोंडं बघायची नाहीत,” ते म्हणाले, आणि जरा थांबून, “तशीही दिसत नाहीत म्हणा.”

कुणी हसलं नाही. वकिलांनी त्यांचा दंड धरायला हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. माझ्या जवळून जाताना वकील हळूच म्हणाले, “बाई, काय मिळवलंत?” मग ते तिघे दोन्ही कार्ट घेऊन निघून गेले.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला आनंद झाला. खेळ संपला! चार पंचेचाळीस झाले होते. डॉक्टरांना माझ्या कार्टमध्ये बसवलं की दहा-बारा मिनिटांत क्लबहाउस, कार्ट चार्जिंगला लावायची, वहीत सही, आणि पाच वाजता मी रस्त्यावर.

“बसा साहेब.”

“मी चालत येईन.”

“वाट लांब आहे, साहेब. आणि तळ्याच्या कडेने आहे.”

“तू इथे यायच्या आधीपासून, तीस वर्षं मी याच वाटेवरून चालतोय.”

आणि ते चालू लागले. पंधरावा होल म्हणजे मैदानाचा शेवटचा कोपरा. त्यांचा एक पाय डांबरावर, एक गवतात, काठी समोर टेकवत. दोनदा ते पाण्याच्या बाजूला सरकले, दोनदा मी “डावीकडे, साहेब” म्हटलं, आणि त्यांनी मान न वळवता पाऊल डावीकडे घेतलं. मी मागून पावलाच्या वेगाने कार्ट नेत होते. सोडून जाता येत नव्हतं, पुढे नेता येत नव्हतं. माझ्याच तोंडाने मी हा शेवटचा गट चारावरून एकावर आणला होता आणि आता तो एक जण चौघांपेक्षा हळू जात होता.

सोळाव्याच्या बाकापाशी ते थांबले. “कधीपासून?”

“थंडी संपल्यापासून.”

“मागे एकदा अकराव्या होलला मी एका फटक्यात झेंड्याजवळ टाकला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन हिला सांगितलं मी.” त्यांच्या पत्नी अंथरुणाला खिळून आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. “तो?”

तो चेंडू पलीकडच्या वाळूत पडला होता. झेंड्याजवळचा वकिलांनी ठेवला होता. “तो तुमचाच होता,” मी म्हणाले.

“आता कशाला खोटं बोलतेस? मघाशी चांगली खरं बोलत होतीस.”

पुन्हा चालणं सुरू. पाच वाजले. पाच दहा. सतराव्याच्या चढावर ते श्वास घ्यायला उभे राहिले तेव्हा पाच वीस झाले होते. मला राहवेना. मी पाळणाघरात फोन लावला, आवाज शक्य तितका खाली ठेवून.

“मावशी, मी निघतेच आहे. दहा मिनिटं, फार तर पंधरा.”

“अगं बाई, मी थांबेन गं. मी काय तुझी वैरीण आहे? पण साडेपाचला दाराचं यंत्र आपोआप वेळ टिपतं, ते सरळ वर जातं. माझ्या हातात काही नाही.” मागून भुंगीचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

मी फोन ठेवला तर डॉक्टर माझ्याकडे वळून उभे होते. माझ्याकडे म्हणजे, मी जिथे असेन असं त्यांना वाटलं त्या दिशेला.

“मुलीला आणायचंय तुला?”

“हो.”

“किती वाजता?”

“साडेपाच.”

“आणि मघाशी म्हणून...”

मी फोन खिशात घातला.

“मग तेच सांगायचंस की, पोरी,” ते म्हणाले. त्यात राग असता तर बरं झालं असतं. “मुलीला आणायचंय म्हणाली असतीस तर मी तिथल्या तिथे खेळ आवरला असता. त्यात काय एवढं?”

ते चाचपडत आले, कार्टचा दांडा धरून शेजारी बसले आणि म्हणाले, “हाण.” पण या कार्टना वेगाची मर्यादा बसवलेली असते. पेडल तळाला टेकवलं तरी सायकलपेक्षा हळू. सगळ्या वाटेने ते पुढे वाकून बसले होते, जणू त्यामुळे ती जोरात जाईल. क्लबहाउसच्या पायरीवर वकील त्यांची वाट बघत उभे होते. डॉक्टर उतरले, वकिलांच्या बाजूने न जाता दुसऱ्या बाजूने भिंत चाचपत आत गेले.

पाळणाघराच्या दारात मी बोट टेकवलं तेव्हा यंत्रावर पाच पंचेचाळीस उमटले.

मावशींनी कागद तयार ठेवला होता. बिचाऱ्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “इथे सही. आणि इथे.” कागदावर छापलं होतं, आम्ही स्वेच्छेने जागा सोडत आहोत. मी सही केली. “उद्यापासून?” मी विचारलं. “उद्यापासून,” मावशी म्हणाल्या. “यादीतल्या पहिल्या आईला निरोप गेलासुद्धा. तीही पाच महिने थांबलीय गं.”

भुंगीचं सगळं सामान एका पिशवीत भरलेलं होतं. डबा, दोन झबली, कान तुटलेला ससा. वेगळी गुंडाळून ठेवलेली छोटी गादी. गादी आम्ही घरून आणली होती.

“गादी राहू दे हवी तर,” मावशी म्हणाल्या. “नव्या बाळाला होईल.”

“नको,” मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले.

बाहेर आल्यावर कळलं की स्कूटरवर पिशवी बसते, भुंगी बसते, पण गादी काही केल्या बसत नाही. पुढे ठेवली तर हँडल वळत नाही, मागे ठेवली तर घसरते. तीनदा बांधून पाहिली. नवऱ्याचा फोन बंदच. उद्या सकाळी नऊला मला मैदानावर हजर व्हायचं होतं आणि भुंगीला कुठे ठेवायचं, याचं एकही उत्तर माझ्याकडे नव्हतं. कुणाला विचारायचं तेही सुचत नव्हतं. आत मावशींनी दिवे मालवले, यंत्रावर बोट ठेवलं आणि “येते गं” म्हणून त्या गेल्या.

भुंगीने गादी फुटपाथवर उलगडली आणि तिच्यावर बसली. “आई, बस,” तिने शेजारची जागा थोपटली. येणारे-जाणारे वळून बघत होते. मी बसले.