शून्य लांबीचा बाण

मी बाण बोलतोय. हसू नका. दिसायला ठिपका असलो, तरी जातीने मी बाणच आहे.

माझा जन्म एका प्रोग्रॅमिंग लायब्ररीतला. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, चित्रं काढायच्या आयत्या आज्ञांची. कुठे किती वारा आणि कुठल्या दिशेने, हे आकडे तिला दिले की ती जागोजागी बाण काढते. वारा जोराचा तिथे लांब बाण, मंद तिथे आखूड. वाराच नसेल तिथे नुसता ठिपका. तो मी.

आमच्या मालकीणबाई इंजिनियर. घरात नवरा आणि वडील. वडिलांचं एकच गाऱ्हाणं, "माझ्या कोपऱ्यातल्या खुर्चीला वारा लागत नाही." पंखा तर खोलीच्या मधोमध गरगरत होता.

"बाबा, पंखा फुल्ल आहे हो. तुमचं आपलं काहीतरीच!" जावईबापू म्हणाले.

बाबांना ते लागलं. त्यांनी बॅग भरून दाराशी ठेवली. "संध्याकाळी निघतो. जिथे माझं खरं मानतात तिथे राहीन." असं ठिकाण कुठे आहे, हे मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मालकीणबाईंनी वारा मोजायचं यंत्र आणलं आणि फरशीफरशीवर धरून मोजायला लागल्या. "कुणी जोरात श्वास सोडू नका!" सासरे-जावई गाल फुगवून उभे. जावईबापूंना सुस्कारा आवरला नाही. आकडे लायब्ररीला दिल्यावर चित्रात तो सगळ्यांत लांब बाण निघाला, थेट बॅगेकडे रोखलेला. तो अजून स्वतःला वारा समजतो.

खुर्चीच्या जागी मी होतो. मालकीणबाईंनी संगणकाचा पडदा पुसून पाहिला. "मुंगी आहे की काय?" मी हललो नाही. हलणं माझ्या रक्तातच नाही.

मग त्यांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची नेहमीची चूक केली. लांब-आखूड बाण वेडेविद्रे दिसतात, म्हणून सगळे एकसारखे करायचे ठरवले. त्यासाठी प्रत्येकाला त्याच्याच लांबीने भागायचं. माझी लांबी शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. भागायला गेल्या आणि मी गायब! लायब्ररीने तसा इशारा दिला होता, पण इशारे वाचतो कोण?

बाबांनी चष्मा लावून चित्र पाहिलं. खोलीभर बाणच बाण, सुस्काऱ्यालाही मान, आणि त्यांच्या खुर्चीच्या जागी नुसतं कोरं.

"म्हणजे मी या घरात नाहीच?" त्यांचा आवाज बारीक झाला. त्यांनी बॅग उचलली. मी तेव्हा नव्हतोच, ओरडणार कसा?

तेव्हा कुठे मालकीणबाईंनी तो इशारा वाचला. भागाकार काढून टाकला. चित्र पुन्हा आलं, मीही आलो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"बाबा, थांबा! तिथे खरंच वारा नाही. अगदी काहीच नाही!"

"मग मी इतके दिवस काय बोंबलत होतो?" बाबांनी बॅग खाली ठेवली.

जावईबापू खुर्ची पंख्याखाली सरकवायला धावले.

"हात लावू नका," बाबा गरजले. "माझी जागा आहे ती."

आता मी कागदावर छापून त्या खुर्चीमागच्या भिंतीवर आहे. वर एकच टाचणी, तरी कागद कधी फडफडत नाही. येईल त्याला बाबा घाम पुसत, माझ्यावर बोट ठेवून ऐटीत सांगतात, "हा मी."

माझी एवढीच विनंती. सगळ्यांना एकसारखं करण्याआधी मध्ये आमच्यासारखा कुणी आहे का, तेवढं बघा. आणि त्या पंख्याला कुणी हात लावू नका. कोपऱ्यात जरा जरी वारा आला तरी बाबा खोटे ठरतील, आणि त्यांची बॅग अजून भरलेलीच आहे.