रोखीची भवानी

पुतळा कोळीण आमच्या गावठाणाच्या कोपऱ्यावर मासळी घेऊन बसायला लागली, तेव्हापासून तिची भवानी माझ्या हातची. मी जाईपर्यंत ती कोणाला मासा कापून द्यायची नाही. खारघरच्या टॉवरमधल्या बाया घड्याळ बघत उभ्या, आणि ही कोयता मांडीखाली घालून बसलेली. "आमची वयनी येल, मंग." मी आले की माझी नोट कपाळाला लावायची, पाटीवरून ओवाळायची, मग धंदा सुरू. दिवसाचा पहिला पैसा रोखच लागतो. भवानीला उधारी केली तर दिवस बुडतो, हे आमच्याकडे पोरंटोरंही जाणतात.

माझ्या हाताला गुण आहे असं मी म्हणत नव्हते, पुतळा म्हणायची. मी फक्त नाही म्हणायची नाही.

नवरा गेल्यावर आमच्या दोन बिल्डिंगचं भाडं माझ्या हातात यायचं. भाडेकरू दारात येऊन नोटा द्यायचे, मी कपाटात ठेवायची, त्यातून घर चालायचं. मग मिथुनने, माझ्या मुलाने, भाडं फोनवरून त्याच्या खात्यात घ्यायला सुरुवात केली आणि माझ्या हातावर एक कार्ड ठेवलं.

"आये, याच्यावर तुझं नाव हाय. काय पाहिजे ते घे. बिल मी भरतो, वर पॉइंट मिळतात."

"याने मशीनमधून नोटा निघतात का?"

"काढू नको. व्याज लावतात."

खोटं कशाला बोलू, मला आवडलं. मॉलमध्ये कार्ड मशीनला टेकवलं की टुंग वाजायचं आणि काउंटरवरची पोरगी 'थँक्यू मॅडम' म्हणायची. चौथी नापास बाईला मॅडम. साबण, तेल, रवा, सगळं तसंच यायला लागलं. कपाटातल्या नोटा फक्त पुतळासाठी उरल्या, आणि त्या कधी संपल्या ते मी बघितलंच नाही.

एके सकाळी पुतळाने पापलेटं साफ करून पिशवीत घातली आणि हात पुढे केला. मी बटव्यात हात घातला. हाताला कार्ड लागलं, बाकी काही नाही.

मागे बाया उभ्या होत्या. दोन बिल्डिंगांची मालकीण मी. पैसे नाहीत, हे तोंडातून निघेना. पिशवी तिथेच ठेवून घरी जायला हवं होतं.

"उद्या देते गो," मी म्हणाले.

पुतळाचा हात तसाच राहिला. मग तिने तो पदराला पुसला. "ने वयनी. तुला नाय कशी बोलू?"

त्या दिवशी गिऱ्हाइकं भाव विचारून पुढे गेली. दुपारी बर्फ वितळला, बोंबील मऊ पडले, आणि संध्याकाळी तिने अर्धी पाटी मांजरांपुढे ओतली. हे तिने मला सांगितलं नाही. तिच्या शेजारी भाजी विकणाऱ्या हौसेरावने सांगितलं, माझ्या दारात उभं राहून, मुद्दाम मोठ्याने. तोवर आमच्याकडे पापलेटं खाऊन झाली होती.

रात्री मिथुनबरोबर जेवायला बसले. मी म्हटलं, "मला रोख पैसे पाहिजेत."

"कशाला? कार्ड चालत नाय?"

"पुतळाची भवानी करायची हाय."

"तिला सांग, स्कॅनरचा बोर्ड लाव. आता भाजीवालेपन लावतात."

"तिचा फोन बटनाचा हाय. आनि बोर्ड काय कपाळाला लावेल ती?"

भाविका, माझी सून, हसली. मिथुनही हसला आणि त्याने पाकीट काढलं. "बोल, किती देऊ?"

प्रेमानेच विचारलं त्याने. पण या घरात 'किती' हे मी विचारत आले होते. "राहू दे," म्हणून मी पानावरून उठले.

सकाळी उशीखाली पाचशेच्या नोटा होत्या. भाविकाने ठेवल्या असणार. 

उजाडताच गेले. पुतळा मांदेलीचे वाटे लावत होती. दुसरं कोणी आलं नव्हतं. मी नोटा पुढे धरल्या. "घे. कालचे आनि आजचे."

तिने नोटांकडे बघितलं, माझ्याकडे नाही. पाटीवर ओलं गोणपाट ओढलं.

"जरा थांब वयनी. पहिलं कोन तरी येऊ दे."

"मंग मी कोन?"

"रागाव नको. आजची पाटीपन तशीच राहिली तं मी काय करू? मना भ्या वाटतं गो."

माझ्या जिभेला सगळं गाव घाबरतं.  तरी मी बाजूला झाले, भिंतीला टेकले. मुठीत नोटा घामाने ओल्या झाल्या.

पळायचे बूट घातलेली एक मुलगी आली. तिने मांदेलीचा वाटा घेतला, नोट दिली. पुतळाने ती कपाळाला लावली, पाटीवरून ओवाळली. मुलीला त्यातलं काही कळलं नाही. ती फोनवर बोलत निघून गेली.

"ये वयनी," पुतळा म्हणाली. सगळ्यात मोठं पापलेट तिने माझ्यासाठी काढलं, वर मूठभर कोलंबी टाकली. माझे पैसे डब्यात टाकले आणि उरलेले परत द्यायला लागली. मी घेतले नाहीत, चालू पडले. तिने हाक मारली, दोनदा. मी वळले नाही. तोंड दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं.

आता बटव्यात नोटा असतात, भाविका न विचारता ठेवते. मासळीला मात्र मी उन्हं चढल्यावर जाते. तोवर कोणाच्या ना कोणाच्या हातची भवानी झालेली असते.